दोन जातींच्या केसांचा एक ब्रश



मागच्या खेपेला या सदरात आपण पाटा-वरवंट्याची गोष्ट केली. ती वाचून बऱ्याच आजीबाईंचे फोन आले, पण आजोबा मंडळी मात्र रुसली. एक जण म्हणाले, "सगळ्या वस्तू स्वयंपाकघरातल्याच का हो? आमच्या आरशापुढच्या वस्तूंनी तुमचं काय घोडं मारलंय?" तक्रार रास्त आहे. म्हणून आज दाढीचा ब्रश. बालमित्रांनो, आपल्याला दाढी नाही म्हणून पान उलटू नका. यात एक लपून बसणारा रोग आहे, दोन जनावरांवरून झालेला कोर्टातला खटला आहे, आणि जपानच्या डोंगरातले एक गाव आहे, जिथे दर दहा माणसांमागे एक जण ब्रशांच्या धंद्यात आहे.

पेटीतला ब्रश

१९७० साली आम्ही मुंबईहून इस्राएलला आलो तेव्हा आईने एक पत्र्याची पेटी बरोबर आणली होती. ती अजून आमच्या माळ्यावर आहे. पेसाहच्या साफसफाईत धाकट्या नातवाने ती खाली काढली. तो अठरा वर्षांचा, थोड्याच दिवसांत सैन्यात जायचा. पेटीच्या तळाशी खाकी कापडात गुंडाळलेला एक दाढीचा ब्रश त्याला सापडला. पिवळी पडलेली हाडाची मूठ. केसांची टोके फिकट, मध्ये काळपट पट्टा, खाली पुन्हा फिकट.

"हा कुणाचा, सबा?"

"माझ्या आजोबांचा. म्हणजे तुझ्या खापरपणजोबांचा. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर मेसोपोटेमियात होते. आज त्याला इराक म्हणतात. तिथून परत आले तेव्हा हा त्यांच्या सामानात होता."

मला आजोबा आठवले. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागण्याआधी, ते ओट्यावर आरसा टेकवून बसायचे. शेजारी पितळी वाटी, साबणाची वडी, तुरटीचा खडा. ब्रश वाटीत फिरू लागला की फेसाचा डोंगर व्हायचा, आणि त्यातला एक ठिपका माझ्या नाकाला लागायचाच.

नातू म्हणाला, "मी हाच घेऊन जाणार. खापरपणजोबांचा ब्रश सैन्यात!" माझे डोळे पाणावले. मी म्हटले, घे बाबा. तो लगेच वाटीत गरम पाणी घ्यायला गेला. एवढ्यात थोरली नात आली. ती प्रयोगशाळेच्या कामाचे शिक्षण घेते. तिने ब्रशाकडे पाहिले, "खापरपणजोबा कोणत्या साली लढाईवर होते?" असे विचारले, आणि उत्तर ऐकताच त्याच्या हातातून वाटी काढून घेतली.

"हा गालाला लावायचा नाही."

मला रागच आला. पण तिने जे सांगितले ते ऐकून राग गेला आणि अंगावर काटा आला. तेच तुम्हाला सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी पेटी आहे.

घोड्याचे केस, बॅजरचा वेष

चांगल्या दाढीच्या ब्रशासाठी बॅजर नावाच्या प्राण्याचे केस फार पूर्वीपासून नावाजलेले आहेत. पहिल्या महायुद्धाआधी ब्रशांसाठी लागणारे केस पुष्कळदा जर्मनी-फ्रान्समार्गे इंग्लंड-अमेरिकेला जात, आणि वाटेत ते धुऊन निर्जंतुक केले जात. १९१४ साली लढाई पेटली आणि ती वाट बंद झाली. इकडे बॅजरचे केस मिळेनात, तिकडे लाखो शिपायांना ब्रश हवेत. मग व्यापाऱ्यांनी घोड्याचे केस घेतले. हे केस चीन, सैबेरिया, जपान अशा भागांतून येत. ते रंगवून बॅजरसारखे दाखवीत आणि ब्रश बांधीत. काही ब्रश जपानात बनत, काही अमेरिकेतच.

घाईत एक गोष्ट राहून गेली. हे केस नीट निर्जंतुक झाले नाहीत. काही केसांत काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू होते. काळपुळी हा मुळात गुराढोरांचा रोग. त्याचे बीज केसांत, कातड्यात, मातीत वर्षानुवर्षे सुकून पडून राहते आणि मरत नाही. दाढी करताना वस्तरा कुठेतरी बारीक कापतो, त्या कापातून ते आत शिरते. आधी साधी पुळी येते, मग फोड, मग मध्ये काळी खपली. म्हणून तर आपल्या भाषेत नाव काळपुळी. त्या काळी पेनिसिलीन नव्हते. ब्रिटन आणि अमेरिकेत मिळून दोनशेहून जास्त लोकांना दाढीच्या ब्रशातून हा रोग झाला. त्यात शिपाई पुष्कळ होते आणि काही माणसे दगावली. ब्रिटनने १९१९ साली काळपुळी रोखण्यासाठी कायदा केला आणि १९२० साली जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली.

आता कुणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, तिचे आज काय? अलीकडे तरुण मुलांना जुन्या वस्तूंचा शौक लागला आहे. बाजारात जुने ब्रश विकत घेऊन त्यांनी दाढी करतात. म्हणून अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मासिकात २०१७ साली हा विषय पुन्हा निघाला. आजच्या नव्या ब्रशांची भीती नाही, केस नीट साफ करूनच येतात. पण त्या युद्धाच्या सुमाराचा जुना ब्रश वापरू नये, हे बरे.

मी नातीला म्हटले, "अगं, आजोबांनी त्याच ब्रशाने वर्षानुवर्षं दाढी केली आणि ऐंशी वर्षं जगले." ती म्हणाली, "असेलही तो अगदी चांगला, सबा. पण ते तपासायला आपल्याच पोराचा गाल कशाला?" आणि घरी उकळून घेतला म्हणून खात्री होते असेही नाही, ते बीज फार चिवट असते.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनाला लागली. घोड्याचे केस वाईट नसतात. चांगले साफ केलेले घोड्याचे केस आजही ब्रशाला वापरतात. त्यांना बॅजरचा वेष दिला आणि आत काय आहे ते लपवले. घेणाऱ्याला हातात काय आहे हेच कळेना, मग तो सावध कसा राहणार?

बिळातले अस्वल

नातवाचे तोंड उतरले. तेव्हा नातीने आपल्या पिशवीतून एक लहान खोका काढला. सैन्यातून सुटल्यावर ती जपानला फिरून आली होती. हिरोशिमा शहरातल्या एका दुकानातून तिने भावासाठी दाढीचा ब्रश आणला होता आणि तो सैन्यात निघायच्या दिवशी देणार होती. खोक्यावर जपानी अक्षरे. तिने वाचून दाखवले, "आनागुमा आणि बुता."

आनागुमा म्हणजे बॅजर. शब्दाचा अर्थ 'बिळातले अस्वल'. आखूड पायांचा, लांब नाकाचा, जमिनीत बिळे खणणारा प्राणी. जपानचा स्वतःचा बॅजर आहे, तो होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांवर राहतो. दाढीच्या ब्रशाचे केस मात्र बहुतेक चीनमधल्या बॅजरचे असतात. आणि बुता म्हणजे डुक्कर.

बालमित्रांनो, आता खटल्याची गोष्ट. जपानात तानुकी नावाचा दुसरा एक प्राणी आहे. तो कुत्र्याच्या कुळातला, पण दिसायला जाडजूड आणि डोळ्यांभोवती काळा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्यालाही खुशाल बॅजर म्हटलेले सापडते. शिवाय मुजिना असाही एक शब्द जपानात आहे. काही गावांत मुजिना म्हणजे बॅजर, काही गावांत मुजिना म्हणजे तानुकी!

१९२४ साली तोचिगी प्रांतातल्या एका शिकाऱ्याने २९ फेब्रुवारीला दोन मुजिना एका गुहेत कोंडले आणि तोंडाला दगड लावले. ३ मार्चला परत येऊन त्यांना मारले. पोलिसांनी त्याला पकडले, कारण १ मार्चपासून तानुकीच्या शिकारीला बंदी होती. शिकारी म्हणाला, "साहेब, मी तानुकी मारलाच नाही, मी मुजिना मारला. आमच्याकडे ती वेगळी जनावरं." शास्त्राच्या पुस्तकात मुजिना आणि तानुकी एकच. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२५ साली शिकारी सुटला. न्यायाधीश म्हणाले, एक तर कोंडले तेव्हाच शिकार झाली, तेव्हा बंदी नव्हती. दुसरे म्हणजे लोक पिढ्यान्‌पिढ्या ही दोन जनावरे वेगळी समजत आले आहेत, त्यामुळे याचा समज प्रामाणिक होता. कायद्याच्या शाळांत हा खटला जपानी मुले अजून शिकतात.

जपानीत म्हणही आहे, 'एकाच बिळातले मुजिना'. आपण म्हणतो ना, एकाच माळेचे मणी, तसेच.

सांगायचा मुद्दा, खोक्यावरचे नाव वाचावे आणि नावामागे कोणते जनावर आहे तेही विचारावे.

ब्रशांचे गाव

हिरोशिमाहून नात बसने कुमानो नावाच्या गावी गेली होती. हे गाव डोंगरांच्या मधल्या पठारावर आहे, आगगाडीचे स्टेशन नाही. वस्ती सुमारे २४ हजार, आणि त्यातले अडीच हजार लोक ब्रशांच्या धंद्यात. जपानातले लिहिण्याचे, चित्रांचे आणि बायकांच्या शृंगाराचे ब्रश यांपैकी सुमारे ८० टक्के याच एका गावात होतात.

गावाची हकिकत आपल्या कोकणासारखी आहे. शेती थोडी, पोट भरेना. कोकणातली माणसे मुंबईला जात, तशी कुमानोची माणसे शेतीची कामे सरली की नारा, योशिनो या दूरच्या भागांत मजुरीला जात. येताना नाराहून ब्रश आणि शाई विकत घेत आणि वाटेत विकत विकत घरी येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गावातल्या काही तरुणांनी ठरवले, दुसऱ्याचे ब्रश विकण्यापेक्षा आपणच करायला शिकू. ते बाहेरगावी जाऊन कसब शिकले आणि गावाला शिकवले. पुढे १८७२ साली जपानात सर्वत्र शाळा काढण्याचा कायदा झाला आणि पोरापोराला लिहायला ब्रश लागू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांतून ब्रशाने लिहिण्याचा विषय काही वर्षे गेला आणि धंदा बसला, तेव्हा या लोकांनी चित्रांचे आणि शृंगाराचे ब्रश करायला घेतले. आता तिथले काही कारखाने दाढीचे ब्रशही करतात. १९७५ साली सरकारने कुमानोच्या लिहिण्याच्या ब्रशाला पारंपरिक कलाकुसरीचा दर्जा दिला. २०११ साली जपानी मुलींनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा पंतप्रधानांनी त्यांना मानाबरोबर कुमानोचे शृंगाराचे ब्रश भेट दिले.

ब्रश कसा करतात ते नातीने डोळ्यांनी पाहिले. आधी केस निवडतात. मग त्यांना भाताच्या तुसाची राख लावून, गरम करून, हरणाच्या कातड्यात गुंडाळून चोळतात, म्हणजे केसांतला तेलकटपणा जातो. (आपल्याकडे तुसाची राखुंडी दातांना लावत, आठवते का?) मग उलटे आणि टोक मोडलेले केस सुरीच्या धारेवर एकेक वेचून काढतात. त्यानंतर येते 'नेरिमाझे', म्हणजे मिसळणे. निरनिराळ्या लांबीचे आणि जातीचे केस पातळ पसरायचे, समुद्रशेवाळाची खळ लावायची, घडी घालायची, पुन्हा पसरायचे, पुन्हा घडी. पुरीच्या पिठाला तेल मुरेपर्यंत आपण मळतो तसे. शेवटी आतला गाभा तयार झाला की त्याभोवती उत्तम केसांचा पातळ थर गुंडाळतात. त्याचे नाव 'कोरोमोगे', म्हणजे अंगरख्याचे केस.

लिहिण्याच्या ब्रशाच्या तीन जाती. एक कडक केसांचा, एक मऊ केसांचा, आणि तिसरा 'केन्गो', म्हणजे दोन्ही मिळून. जपानी मुले तिसरीत ब्रशाने लिहायला लागतात आणि नवशिक्याच्या हातात बहुधा केन्गोच देतात. कडक केसांनी अक्षर उभे राहते, मऊ केसांनी शाई धरून ठेवली जाते. एकट्याने दोन्ही कामे होत नाहीत.

म्हणजे पाहा, एका काळी याच देशाच्या ब्रशांवर परदेशात बंदी आली होती, आणि याच देशात केस मिसळणे हे कारागिराचे खरे कसब समजतात. फरक मिसळण्यात नाही. एकाने काय मिसळले ते लपवले, दुसरा खोक्यावर छापतो.

बॅजर काय करतो, डुक्कर काय करते

दाढीच्या ब्रशाचेही तसेच आहे. बॅजरचा केस टोकाला बारीक आणि मध्ये फुगीर. त्यामुळे टोक गालाला मऊ लागते, आणि झुबक्यात पाणी पुष्कळ राहते. पण नुसत्या बॅजरचा ब्रश कधीकधी लुळा पडतो, आणि महाग असतो. डुकराचा केस जाड आणि ताठ. तो वडीवरून साबण चांगला ओढतो आणि गालावरचे केस उभे करतो. सुरुवातीला तो बोचतो, पण वापरता वापरता त्याचे टोक दुभंगते आणि मऊ होते. तो पाणी आत शोषून घेतो, म्हणून त्याला आधी भिजवावे लागते.

दोन्ही एकत्र केले की बॅजर पाणी धरतो, डुक्कर कणा देते, आणि किंमत बेताची राहते. कुणी सगळे केस एकजीव मिसळतात, कुणी डुकराचा गाभा करून बाहेरून बॅजरचा अंगरखा चढवतात. अंगरख्याचा ब्रश पहिल्या दिवसापासून मऊ लागतो. एकजीव मिसळलेला दहा-पंधरा दाढ्यांनंतर सुधारतो. म्हणून पहिल्याच दिवशी "बोचतो हो!" म्हणून फेकू नका.

खोका उघडला तेव्हा आमच्या घरी दुसराच प्रश्न निघाला. सौ. म्हणाली, "अहो, डुकराचे केस! आपल्या घरात?" नात म्हणाली, "सावता, बॅजर तरी कुठे कोशेर आहे?" मग मी आमच्या रब्बींना विचारले. ते हसून म्हणाले, "मनाई खाण्याची आहे. ब्रश खाऊ नका म्हणजे झालं." ज्यांच्या मनाला तरीही पटत नसेल त्यांनी आपल्या रब्बींना विचारावे, किंवा कृत्रिम धाग्याचा ब्रश घ्यावा. आता तो चांगला मिळतो, लवकर वाळतो, आणि ज्यांना जनावराचे केस नको वाटतात त्यांचीही सोय होते. वस्तऱ्याने दाढी करावी की नाही हा निराळा प्रश्न, त्यात हे सदर पडत नाही.

घेताना काय पाहावे

पहिले, टोके. मुलांनो, तुमचे जावळ काढण्याआधी आईने तुमच्या केसांवरून हात फिरवला असेल तेव्हा ते रेशमासारखे लागले असतील. कारण कधीच न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. एकदा कात्री लागली की टोक बोथट होते. जपानात म्हणूनच काही आईबाप बाळाच्या पहिल्या जावळाचा ब्रश करून घेतात. तसा ब्रश पुन्हा कधीच होत नाही. चांगला कारागीर ब्रशाला गोल आकार द्यायला टोके कापत नाही, केस साच्यात बसवून तळाकडून आकार देतो. दुकानात ब्रश तळहातावर, मग मनगटाच्या आतल्या बाजूला हलके दाबून पाहा. सुया टोचल्यासारखे लागले तर टोके कापलेली आहेत.

दुसरे, कणा. झुबका बोटाने वाकवून सोडा. तो आपणहून उभा राहिला पाहिजे. अगदी आडवा पडला तर मऊ केस जास्त आहेत. वाकतच नसेल तर ताठ केस जास्त आहेत. दुकानदाराला विचारा की कोणते केस किती आणि कुठे. ज्याला माहीत आहे तो सांगतो. "सगळं प्युअर बॅजर आहे" असे म्हणून फारच स्वस्त देत असेल तर जरा थांबा. डुकराच्या केसांवर बॅजरसारखा काळा पट्टा रंगवण्याची चाल आहे. पांढरे फडके ओले करून झुबक्यावरून फिरवा, रंग उतरला तर समजा.

तिसरे, माप. तळाशी झुबक्याची जाडी २० ते २४ मिलिमीटर असली की बहुतेकांना पुरते. चेहरा लहान असेल तर लहान ब्रश. केस हलके ओढून पाहा. नव्या ब्रशाचे दोन-चार केस गळतात, पुंजका हातात आला तर नको.

चौथे, खास आपल्या वयाच्या मंडळींसाठी, मूठ. हात कापत असेल तर बारीक, गुळगुळीत मुठीचा ब्रश ओल्या हातातून निसटतो. जाड, मध्ये खोबण असलेली मूठ घ्या. माझ्या हाताला थोडा कंप आहे, म्हणून हे अनुभवाने सांगतो. फेस ब्रशाने केला की बोटे गालावरून फिरवावी लागत नाहीत, आणि मिश्र ब्रश आपणहून उभा राहतो, त्यामुळे फार जोर लावावा लागत नाही.

वापरताना

पाणी कोमट घ्या, उकळते नको. त्याने केस ठिसूळ होतात आणि तळाचा गोंद सुटतो. ब्रश तीन-चार मिनिटे पाण्यात ठेवा. हे डुकराच्या केसांसाठी. तोवर तोंड धुऊन घ्या, म्हणजे दाढीही भिजते. मग ब्रश हलकेच झटका. सगळे पाणी काढू नका आणि थेंब गळतीलही असा ठेवू नका. वडीवर नुसत्या टोकांनी वीस-तीस वेळा गोल फिरवा. तळापर्यंत दाबू नका, त्याने मधले केस मोडतात.

फेस वाटीत करा किंवा थेट गालावर. आधी गोल गोल फिरवा, म्हणजे दाढीचे केस उभे राहतात. मग भिंतीला चुना देतो तसा वरखाली हात मारा. फेस कोरडा वाटला तर टोके पाण्याला लावा, एका वेळी दोन-चार थेंबच. जिथे पाणी जड आहे तिथे फेस लवकर बसतो. तिथे साबण थोडा जास्त घ्यावा.

दाढी झाल्यावर ब्रश वाहत्या पाण्याखाली धरा आणि बोटांनी तळातला साबण पूर्ण काढा. तिथे साबण साठला की केस तुटू लागतात. महिन्यातून एकदा पेलाभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून त्यात बुडवून पुन्हा धुवा. मग झटकून, फडक्याने टिपून, मोकळ्या हवेत वाळवा. ओला ब्रश डब्यात कोंडला की कुबट वास येतो आणि बुरशी धरते. ओमेरच्या दिवसांत ज्यांची दाढी बंद असते त्यांनी ब्रश आधी दोन दिवस चांगला वाळवून मगच कपाटात ठेवावा. आणि दुसऱ्याचा ब्रश वापरू नये, मग तो सख्ख्या भावाचा का असेना.

दोन्ही ब्रशांचे काय झाले

नातू नवा ब्रश घेऊन सैन्यात गेला. पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "सबा, टोचतो हा!" मी म्हटले, "धीर धर. डुक्कर आहे ते, त्याला शिकायला वेळ लागतो." महिन्याने सुट्टीवर आला तेव्हा मी त्याचा ब्रश हातावर फिरवून पाहिला. टोके मऊ झाली होती. माझ्या नाकाला त्याने फेसाचा एक ठिपका लावला.

कुमानोत दर वर्षी सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवशी, ब्रशांचा उत्सव भरतो. लोक आपले झिजलेले ब्रश तिथे आणतात आणि त्यांचे आभार मानून अग्नीला देतात. कचऱ्यात टाकत नाहीत. आपणही जीर्ण झालेली सेफेर तोरा टाकत नाही, मानाने दफन करतो. कामाला आलेल्या वस्तूला निरोप देण्याची रीत प्रत्येकाची आपापली.

आजोबांच्या ब्रशाला मी अजून निरोप दिलेला नाही. नातीने हातमोजे घालून तो काचेच्या बरणीत ठेवला आणि झाकण पक्के बंद केले. बरणीवर मी मराठीत आणि नातीने हिब्रूत चिठ्ठी लिहिली आहे. कुणाचा, कोणत्या लढाईतला, आणि खाली ठळक अक्षरात, 'आत कोणते केस आहेत माहीत नाही. उघडू नये.' चिठ्ठी लिहिताना वाटले, शंभर वर्षांपूर्वी हा ब्रश ज्याने बांधला त्याने खोक्यावर खरे काय ते लिहिले असते, तर आज माझ्या नातवाला आपल्या खापरपणजोबांच्या ब्रशाने दाढी करता आली असती.

तुमच्या पेटीत असा ब्रश असेल तर कृपया तसेच करा. आठवण राहू द्या, गालाला लावू नका.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. चित्रांचा मऊ ब्रश आणि जुना टूथब्रश घ्या. दोन्ही एकदाच पाण्यात बुडवा आणि दोन वेगवेगळ्या बश्यांत पिळा. कोणत्या बशीत पाणी जास्त? मग दोन्हींनी साबणाच्या वडीवर दहा-दहा वेळा घासा. कोणावर साबण जास्त आला? का, ते आजोबांना समजावून सांगा. आणि तुमच्या आजोबांचा न्हावी धोपटी घेऊन घरी यायचा का, तेही विचारून आम्हाला लिहून पाठवा. चांगल्या आठवणी पुढच्या अंकात छापू.

पुढच्या खेपेला पुन्हा आजीबाईंची पाळी, नारळ खवायची विळी. तोवर शालोम.